एका निनावी दर्यावर्दी रोजनिशीची कुळकथा

सुवर्णमहोत्सवी अंकासाठी काहीतरी 'अभ्यासाचे' लिहावे, अशी संपादक मंडळींची आज्ञा झाली. आपल्या वाचकांत गोव्यात घर असलेले, कारवार-बेळगावकडे स्थायिक झालेले आणि पोटापाण्यासाठी मुंबईला गेलेले असे सर्वच प्रकारचे लोक आहेत. त्या सर्वांना जवळचा वाटेल असा विषय समुद्रावाचून दुसरा कोणता असणार? म्हणून एका जुन्या दर्यावर्दी कागदाची हकीकत सांगावयाचे ठरविले. हा कागद आपल्या किनाऱ्याविषयीचा असला, तरी आज तो पोर्तुगालमधील पोर्तु शहराच्या नगर ग्रंथालयात आहे. त्याचा क्रमांक ८०४. वास्को द गामा १४९७ साली लिस्बनहून निघाला आणि १४९८ च्या मे महिन्यात कालिकतला पोहोचला, हे आपण शाळेत घोकलेले असते. त्या सफरीत प्रत्यक्ष असलेल्या कोणा एका माणसाने ठेवलेली ही रोजनिशी आहे. लिहिणाऱ्याचे नाव तीत कोठेही नाही. हा माणूस कोण, त्याचे लिखाण पोर्तुला आले कसे आणि त्यावर कितपत विश्वास टाकावा, या तीन प्रश्नांची उत्तरे शोधण्यात विद्वानांची पिढ्यान्‌पिढ्यांची मेहनत खर्ची पडली आहे. त्यांनी हा शोध कोणत्या रीतीने केला, ते पाहण्यासारखे आहे. कारण तीच रीत आपल्या घरच्या जुन्या दप्तरालाही लागू पडते.

प्रथम नावाविषयी. हा ग्रंथ 'रोतैरु' या नावाने प्रसिद्ध आहे. खरे पाहता हे नाव त्याला शोभत नाही. रोतैरु म्हणजे वाटाड्याची पोथी. कोणत्या बंदरात पाणी किती वाव, खडक कोठे, भरती-ओहोटी कशी, कोणता डोंगर दिसू लागला म्हणजे सुकाणू कोठे वळवावे, असा मजकूर तीत असतो. अस्सल रोतैरु कसा असतो हे पाहावयाचे असेल, तर जुआंव द कास्त्रु याने १५३८-३९ साली गोव्याहून दीवला जाताना केलेला पाहावा. त्यात दाभोळ, चौल वगैरे बंदरांची टिपणे असून सोबत चित्रेही आहेत. आमच्याकडील थोर इतिहाससंशोधक डॉ. पांडुरंग पिसुर्लेकर यांनी गोव्याच्या दप्तरखान्याची मार्गदर्शिका १९५५ साली प्रसिद्ध केली, तिलाही त्यांनी 'रोतैरु' हेच नाव दिले. दप्तराच्या समुद्रात गलबत खडकावर आपटू नये म्हणून केलेली ती पोथीच होती! परंतु आपला हा ८०४ क्रमांकाचा ग्रंथ त्या जातीचा नाही. आज अमुक वार, अमुक ठिकाणी पोहोचलो, अमुक माणसे भेटली, असे तो सांगत जातो. म्हणून त्याला रोजनिशीच म्हणणे बरे.

आता तो पोर्तुला कसा आला ते ऐका. कुईंब्र शहरात सांता क्रुझ नावाचा जुना मठ आहे. त्याची स्थापना ११३१ सालची. अशा मठांतून शतकानुशतके हस्तलिखिते साठत गेलेली असत. १८३४ साली पोर्तुगाल सरकारने धार्मिक संघांचे मठ बंद केले आणि त्यांची मालमत्ता सरकारजमा केली. त्याच्या आदल्याच वर्षी, म्हणजे १८३३ साली, पोर्तु येथे सार्वजनिक ग्रंथालय स्थापन झाले होते. आलेशांद्र एर्कुलानु हा तरुण तेथे दुय्यम ग्रंथपाल म्हणून नेमलेला होता. पुढे तो पोर्तुगालचा मोठा इतिहासकार आणि कादंबरीकार झाला. सांता क्रुझची हस्तलिखिते पोर्तुला आणण्याचे काम त्याच्याकडे आले, आणि त्या गठ्ठ्यांतून ही रोजनिशी नव्या ग्रंथालयात दाखल झाली. तिचे मोल ओळखून १८३८ साली दिओगु कोप्के आणि आंतोनिउ द कॉश्त पाइव्ह या दोघांनी ती प्रथम छापली. यातला एक गणिताचा अध्यापक, दुसरा वनस्पतिशास्त्राचा! इतिहासाची पदवी दोघांजवळही नव्हती. परंतु कागद काय आहे हे त्यांना कळले आणि तो घाईने नव्हे, काळजीने छापला. पुढे १८६१ साली एर्कुलानु व पाइव्ह यांनी दुसरी आवृत्ती काढली. इंग्रजी वाचकांना ती १८९८ साली ई. जी. रॅव्हनस्टाइन यांच्या सटीप भाषांतरातून मिळाली. हे भाषांतर अजूनही उपयोगी आहे.

मठ मोडले तेव्हा कागदांची दैना होणे साहजिक होते. एर्कुलानुसारखा माणूस त्या जागी नसता, तर ८०४ चे काय झाले असते याची कल्पनाच केलेली बरी. दुसरी गोष्ट अशी की, हस्तलिखित कोणत्या घरातून आले ही नोंद त्याच्याबरोबर टिकून राहिली. 'सांता क्रुझ, कुईंब्र' एवढे दोन शब्द नसते, तर पुढे जो महत्त्वाचा धागा सापडला तो सापडलाच नसता. आपल्यापैकी कित्येकांच्या माळ्यावर देवस्थानचे, गावकरीचे, खरेदीखतांचे कागद आहेत. काही मोडीत, काही आमच्या जुन्या कंदवी लिपीत, काही पोर्तुगीजमध्ये. ते ग्रंथालयाला देण्याची बुद्धी झाली तर फारच उत्तम. मात्र देताना कोणत्या गावच्या कोणत्या घरातून, कोणत्या पेटीतून निघाले, हे एका चिठ्ठीवर लिहून ती चिठ्ठी त्या गठ्ठ्यातच बांधावी. वाचता न आले तरी एवढे कोणालाही करता येते.

तो धागा कोणता, ते आता सांगतो. फेर्नांव लोपिश द कास्तान्येद या इतिहासकाराने पोर्तुगीजांच्या हिंदुस्थानातील विजयांचा इतिहास लिहिला. त्याचा पहिला भाग १५५१ साली कुईंब्र येथेच छापला गेला. हा कास्तान्येद १५२८ साली आपल्या बापाबरोबर गोव्यात आला होता. बाप न्यायखात्यातील अधिकारी. मुलगा सुमारे दहा वर्षे इकडे राहिला, बरेच पाहिले, बरेच विचारून टिपून ठेवले. आणि परतल्यावर कुईंब्रच्या विद्यापीठात त्याला साधीशी नोकरी मिळाली, तीत ग्रंथालयाचे व दप्तराचे काम होते. १८३८ साली रोजनिशी छापून निघाल्यावर लोकांनी तिचा मजकूर कास्तान्येदच्या पुस्तकाशी ताडून पाहिला. पाहतात तो पानेच्या पाने जुळत होती! घटनांचा क्रम तोच, तपशील तेच, कित्येक ठिकाणी वाक्यांची धाटणीही तीच. याचा अर्थ उघड आहे. कास्तान्येदने पहिल्या सफरीची हकीकत लिहिताना हीच रोजनिशी, निदान तिचीच एखादी प्रत, पुढ्यात ठेवली होती. मठही कुईंब्रचा आणि इतिहासकारही कुईंब्रचा. म्हणजे तीनशे वर्षे जो मजकूर आपण कास्तान्येदच्या नावावर वाचीत होतो, त्याचे मूळ एका निनावी खलाशाच्या हातचे निघाले.

परंतु ८०४ हे तरी त्याच्या हातचे आहे काय? नाही. ही नक्कल आहे. अक्षराच्या वळणावरून ती सोळाव्या शतकाच्या आरंभीची ठरते, पण नक्कल हे निश्चित. याचा पुरावा नक्कलकाराने स्वतःच ठेवला आहे. एका ठिकाणी शस्त्रांचा उल्लेख येतो. तेथे नक्कलकाराने मध्येच शेरा मारला आहे की, ही शस्त्रे कशा प्रकारची होती हे सांगावयाचे लेखक विसरला. स्वतःच्या रोजनिशीत कोणी 'लेखक विसरला' असे लिहीत नाही. आमच्याकडील पोथ्यांतूनही नक्कलकारांचे असे शेरे आढळतात, आणि संशोधकाला ते मूळ मजकुराइतकेच उपयोगी पडतात. मूळ प्रत कोणाच्याही हाती अद्याप आलेली नाही.

आता लेखकाचा शोध. नाव नाही, मग सुरुवात कोठून करावी? येथे विद्वानांनी 'आम्ही' या एका शब्दाचा पाठपुरावा केला. ताफ्यात चार गलबते होती. 'सांव गाब्रियेल'वर स्वतः वास्को, 'सांव राफायेल'वर त्याचा भाऊ पावलू, 'बेर्रिउ'वर निकोलाव कुएल्यु, आणि चौथे सामानाचे गलबत. ८ जुलै १४९७ रोजी निघाल्यावर आठवडाभरात आफ्रिकेच्या किनाऱ्याजवळ दाट धुके पडले आणि ताफा फुटला. रोजनिशी म्हणते की, त्या रात्री पावलू द गामाचे गलबत इतरांपासून वेगळे पडले. आणि पुढे लागलीच 'आम्ही' केप व्हर्द बेटांकडे जाऊ लागलो, तेथे आम्हाला इतर गलबते भेटली, असे सांगते. त्यांत कुएल्युचे होते, सामानाचे होते, आणि काही अंतर बरोबर जाणारे बार्तोलोमेउ दियश याचेही होते. मग 'आम्ही' कोण? उरले ते पावलूचे गलबत. म्हणजे लेखक सांव राफायेलवर होता. एका धुक्याने लेखकाचे गलबत दाखवून दिले!

दुसरी खूण कालिकतची. २८ मे १४९८ रोजी वास्को द गामा सामुरी राजाच्या भेटीस गेला. बरोबर तेराजण होते, आणि त्यांत मीही होतो, असे लेखक स्पष्ट सांगतो. कास्तान्येदने या तेरांपैकी काहींची नावे दिली आहेत, सर्वांची नव्हे. आता जो माणूस सांव राफायेलवरचा आणि या तेरांतलाही, तोच आपला लेखक. शिवाय रोजनिशीत ज्यांचा उल्लेख 'तो', 'अमुक' असा परभारे येतो, ते सर्व गळतात. स्वतःविषयी कोणी असे लिहीत नाही. असे गाळता गाळता कोप्केच्या हाती दोन नावे उरली. एक जुआंव द सा, हा सांव राफायेलवरचा कारकून. दुसरा आल्वारु वेल्यु.

यांतून एकाची निवड करावयास जी गोष्ट उपयोगी पडली ती आपल्या लोकांना विशेष गमतीची वाटेल. सामुरीकडे जाताना वाटेत पाहुण्यांना एका देवळात नेले. रोजनिशीकार ते 'चर्च' समजला. तो सांगतो की दारासमोर डोलकाठीएवढा उंच पितळी खांब होता आणि त्याच्या टोकावर कोंबड्यासारखा पक्षी. मध्ये घडीव दगडाची लहान खोली, तिला पितळी दार, आत एक लहान मूर्ती. दाराशी सात घंटा टांगलेल्या. खांद्यावरून दोरे घातलेले पुजारी पाणी शिंपडीत आणि पांढरी माती देत. ती माती कपाळाला, छातीला लावावयाची असते. वास्कोनेही घेतली, पण मागाहून लावीन म्हणून दुसऱ्याच्या हाती ठेवावयास दिली. भिंतींवर मुकुट घातलेल्या 'संतां'ची चित्रे, कोणाचे दात तोंडाबाहेर बोटभर आलेले, कोणाला चार तर कोणाला पाच हात! हे वर्णन वाचताना आपल्या घरातले शाळकरी पोरही सांगेल की खांब तो ध्वजस्तंभ, दोरे ते जानवे, पाणी ते तीर्थ आणि पांढरी माती म्हणजे भस्म किंवा गंध. परंतु लेखकाची भाबडी समजूत शेवटपर्यंत सुटली नाही. मुसलमान नाहीत ना, मग हे ख्रिस्तीच, असा त्याचा हिशेब.

आता कास्तान्येद याच प्रसंगात एक गोष्ट अधिक सांगतो, जी रोजनिशीत नाही. वास्कोशेजारी गुडघे टेकताना जुआंव द साला त्या चित्रांचा संशय आला, आणि हा सैतान असला तरी मी आपला खऱ्या देवालाच नमस्कार करतो, अशा आशयाचे तो पुटपुटला. वास्को त्याच्याकडे पाहून हसला. ही गोष्ट खरी धरली, तर साला शंका आली होती, आणि रोजनिशीकाराला तर कणभरही शंका नाही. तेव्हा सा गळतो आणि आल्वारु वेल्यु उरतो. कोप्केच्या अनुमानाची ही दिशा. आज बहुतेक पुस्तकांवर वेल्युचेच नाव छापलेले दिसते.

माझ्या मते हे अनुमान सुंदर आहे, पण पक्के नाही. तेराजणांची पूर्ण यादीच आपल्याजवळ नसताना 'उरला तो हाच' असे कसे म्हणावे? ज्यांची नावे कोणीच नोंदवली नाहीत त्यांच्यापैकी एखादा लिहिणारा असू शकत नाही काय? साने त्या क्षणी शंका घेतली आणि पुढे लिहिताना सरकारी समजूत लिहिली, हेही अशक्य नाही, कारकून माणूस! म्हणूनच काही विद्वान आजही साचा पक्ष सोडीत नाहीत. मात्र वेल्युच्या बाजूने एक चमत्कारिक दुवा आहे. रोजनिशी लिस्बनपर्यंत जातच नाही. २५ एप्रिल १४९९ रोजी पश्चिम आफ्रिकेतील गिनीच्या किनाऱ्याजवळ, रिउ ग्रांदच्या उथळ पाण्याशी ती एकाएकी तुटते. आणि व्हालेंतिं फेर्नांदिश नावाच्या लिस्बनमधील मुद्रकाने सोळाव्या शतकाच्या आरंभी पश्चिम आफ्रिकेची जी माहिती गोळा केली, तीत बार्रैरुचा कोणी आल्वारु वेल्यु तिकडे आठ वर्षे राहिल्याचा उल्लेख आहे. तोच हा वेल्यु असेल, तर तो गिनीतच उतरला, आणि म्हणून रोजनिशी तेथे थांबली, असे म्हणता येते. 'असेल तर' हे शब्द मात्र विसरावयाचे नाहीत. ग्रंथालयाच्या सूचीत लेखकाच्या जागी एकदा नाव बसले की पुढची पिढी ते दगडावरची रेघ समजते.

लेखक कोणी का असेना, त्याचे शब्द खरे मानावेत काय? याची एक सोपी परीक्षा कोणालाही घरी बसून करता येईल, म्हणून मुद्दाम देतो. तो निघाला तो दिवस शनिवार, ८ जुलै. मालिंदीहून मंगळवारी, २४ एप्रिलला निघालो असे तो सांगतो. तेवीस दिवस जमीन दिसली नाही, मग शुक्रवारी उंच डोंगर दिसले. रविवारी ते जवळ आले, आणि वाटाड्याने ओळखून हे कालिकतवरचे डोंगर असे सांगितले. त्याच रात्री नांगर टाकला. आता मोजा. ८ जुलै १४९७ पासून २० मे १४९८ पर्यंत ३१६ दिवस होतात. सातांनी भागले की बाकी १ उरते. शनिवारनंतर एक वार पुढे म्हणजे रविवार. २४ एप्रिलपासून २० मे पर्यंत २६ दिवस, बाकी ५. मंगळवारपुढे पाच वार म्हणजे पुन्हा रविवारच. मधले तेवीस दिवसही बरोबर बसतात. २४ एप्रिल अधिक २३ म्हणजे १७ मे, आणि दुसरे दिवशी शुक्रवार, १८ मे. (हे सर्व त्या वेळच्या जुन्या ज्युलियन पंचांगाचे वार आहेत, नवे पंचांग १५८२ साली आले.) मागाहून आठवून लिहिणाऱ्याचे वार इतके जुळत नाहीत. जुन्या मराठी पत्रातील तिथी आणि वार आपले संशोधक जंत्रीवरून किंवा स्वामीकण्णू पिल्लई यांच्या पंचांगकोशावरून ताडून पाहतात, ती हीच परीक्षा.

वार खरे, म्हणजे सर्वच खरे असे मात्र नव्हे. जे डोळ्यांनी पाहिले ते तो चोख सांगतो, जे समजुतीने भरले ते फसते. सामुरीला द्यावयाच्या नजराण्याची यादीच पाहा. पट्ट्यापट्ट्यांच्या कापडाचे बारा तुकडे, चार तांबड्या टोप्या, सहा हॅट, पोवळ्यांच्या चार माळा, हात धुण्याची सहा तस्ते, साखरेची एक पेटी, तेलाची दोन आणि मधाची दोन पिंपे. ते पाहून सामुरीचे अधिकारी हसले. मक्केहून येणारा अगदी गरीब व्यापारीही याहून अधिक देतो, असे त्यांनी तोंडावर सुनावले. ही फजिती लेखकाने झाकली नाही, म्हणून इतर ठिकाणीही त्याच्यावर विश्वास ठेवावासा वाटतो. उलट मालिंदीच्या राजाने दिलेल्या वाटाड्याला तो 'ख्रिस्ती' म्हणतो. पुढचे इतिहासकार त्याच माणसाला गुजरातचा मुसलमान म्हणतात आणि नाव देतात 'मालेमु काना' किंवा 'कानाका'. ही नावे नव्हेतच, हुद्दे आहेत. मालेमु म्हणजे अरबी मुअल्लिम, ज्यावरून कच्छ-काठियावाडच्या खलाशांत 'मालम' हा शब्द आला. आणि कानाका म्हणजे बहुधा आपला गणक, नक्षत्रांचा हिशेब करणारा. हाच प्रसिद्ध अरब नाविक इब्न माजिद, असे फ्रेंच पंडित फेराँ यांनी १९२२ साली मांडले आणि ते जगभर पसरले. पुढील अभ्यासकांना मात्र ते टिकणारे वाटले नाही. रोजनिशीत तर नावच नाही. मोठ्या माणसाचे नाव चिकटविण्याची हौस सर्वच देशांत असते.

आता आपल्या अगदी घराजवळचा भाग. कालिकतहून २९ ऑगस्ट १४९८ रोजी निघून गलबते उत्तरेस आली आणि सप्टेंबरात अंजदीव बेटाशी थांबली. कारवारसमोरचे पण काणकोण तालुक्यात मोडणारे हे बेट आपल्यापैकी पुष्कळांनी किनाऱ्यावरून पाहिले आहे. तेथे चाळिशीतला एक माणूस आला. अंगात लिननचे कपडे, डोक्यास झकास पागोटे, कमरेला तलवार, आणि व्हेनिसची बोली अस्खलित! त्याने कप्तानांना आलिंगन दिले, मी पश्चिमेकडचा, लहानपणी इकडे आलो, माझ्या धन्याजवळ चाळीस हजार घोडेस्वार आहेत, असे सांगू लागला. हा गोव्याच्या दरबारातला माणूस. तो फार बोलतो आणि फार विचारतो, असे पाहून संशय आला. मग त्याला बांधून मारहाण केली, तेव्हा त्याने हेरगिरीची कबुली दिली. लेखक हे शांतपणे सांगतो. मारून काढलेली कबुली किती खरी, हा प्रश्न त्याला पडत नाही; वाचणाऱ्याला पडला पाहिजे. त्या माणसाला बरोबर नेले, पोर्तुगालमध्ये त्याचा बाप्तिस्मा झाला आणि तो गास्पार द गामा या नावाने ओळखला गेला. तो मुळात यहुदी होता. १५०० साली काब्रालबरोबर तो पुन्हा इकडे आला.

या माणसाची छाया रोजनिशीच्या शेवटच्या पानांवरही पडली आहे. मुख्य मजकूर तुटल्यावर तेथे एक पुरवणी आहे. कालिकतच्या दक्षिणेकडील राज्ये, त्यांचे सैन्य, माल, अलेक्झांड्रियातील मसाल्यांचे भाव, आणि शेवटी कालिकतच्या भाषेतील, म्हणजे मलयाळम, शब्दांची यादी. राज्यांविषयीची माहिती आपल्याला कोणी दिली? तर आमची भाषा जाणणाऱ्या आणि तीस वर्षांपूर्वी अलेक्झांड्रियाहून इकडे आलेल्या एका माणसाने, असे लेखक म्हणतो. हा माणूस अंजदीवचा तो कैदीच असावा, असे रॅव्हनस्टाइन यांना वाटले, आणि ते पटण्यासारखे आहे. तसे असेल तर, पोर्तुच्या या ग्रंथातील एक प्रकरण गोव्याच्या चाकरीतल्या माणसाने सांगितलेले आहे! त्या यादीतही अर्धे राजे ख्रिस्ती म्हणून लिहिले आहेत. ते सांगणाऱ्याने म्हटले की लिहिणाऱ्याने ऐकले, देव जाणे.

याच ठिकाणी काळाचा एक पुरावा हाती लागतो. लिस्बनमध्ये असलेला फ्लॉरेन्सचा व्यापारी जिरोलामो सेर्निजी याने सफर परतल्यावर घरी पत्रे लिहिली. पहिल्या पत्रात कालिकतचे लोक ख्रिस्तीच आहेत. परंतु नंतरच्या पत्रात, त्या यहुदी माणसाशी बोलणे झाल्यावर, तो लिहितो की तेथील लोक मूर्तिपूजक आहेत आणि ज्यांना चर्च म्हटले ती त्यांची देवळे. म्हणजे लिस्बनला खरी गोष्ट सफरीपाठोपाठ कळली होती. रोजनिशीत मात्र ही दुरुस्ती कोठेच नाही. मला वाटते, ती नंतर कोणी सुधारून घेतलेली नाही, याची ही सर्वांत बोलकी खूण. लिस्बनला बसून लिहिली असती, तर एवढी ढोबळ चूक तशीच ठेवली नसती.

अंजदीवहून ५ ऑक्टोबरला निघालेल्या गलबतांना अरबी समुद्र ओलांडण्यास तीन दिवस कमी तीन महिने लागले. जाताना तेवीस दिवसांत पार केलेला तोच समुद्र! वारा उलटा. हिरड्या सुजून दात झाकले जात, पाय सुजत आणि माणसे मरत. त्या वाटेत तीस मेले, त्यापूर्वी तेवढेच गेले होते. गलबतागणिक काम करण्याजोगे सात-आठच उरले. आज आपण या रोगाला स्कर्व्ही म्हणतो. माणसे पुरेनात म्हणून जानेवारी १४९९ मध्ये सांव राफायेल मोंबासाजवळ जाळून टाकले. म्हणजे लेखकाचे घरच जळाले. तो दुसऱ्या गलबतावर गेला आणि लिहीत राहिला.

अशा कागदांविषयी आपल्या लोकांत दोन टोके दिसतात. कोणी म्हणतात, आम्हांला लुटणाऱ्यांचे लिखाण, ते आम्हांला कशाला? कोणी छापील पोर्तुगीज दिसले की वेदवाक्य मानतात. दोन्ही आळसच. त्या देवळाचे वर्णन करणारा माणूस अडाणी होता, पण त्याने पितळी खांब, सात घंटा आणि भस्म लिहून ठेवले. त्याला न कळलेले आपल्याला कळते, एवढा आपला अधिकार आहे, आणि तो वापरावयाचा तर मूळ वाचले पाहिजे.

युनेस्कोने २०१३ साली या रोजनिशीचा जागतिक स्मृतिनोंदीत समावेश केला. पणजीस १८३२ साली स्थापन झालेले आपले सार्वजनिक ग्रंथालय पोर्तुच्या ग्रंथालयापेक्षा एका वर्षाने मोठे आहे. आज ते कृष्णदास शामा यांच्या नावाने पाटो येथे उभे आहे. आपल्या तरुण मंडळींपैकी कोणास पोर्तुगीज येत असेल, तर त्याने कास्तान्येदचा पहिला भाग आणि ही रोजनिशी शेजारी शेजारी ठेवून अंजदीवचा प्रसंग ताडून पाहावा. कोणते वाक्य रोजनिशीचे, कोणते कास्तान्येदने इकडे दहा वर्षे राहून ऐकलेले, हे वेगळे काढता आले तर गोव्याविषयी काही नवे हाती लागण्याचा संभव आहे. मराठीत हे काम करण्यासारखे आहे.